उंबरठ्याच्या आतली पाळत



“ताई, त्याला सगळं आधीच कसं कळतं?” हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या सल्ला केंद्रात इतक्या वेळा ऐकला, की आता नव्या बाईची नोंद घेताना आम्हीच तो विचारतो. एकीने घरच्या लॅपटॉपवर पोटगीची माहिती शोधली, रात्री जेवताना नवऱ्याने पोटगीवरून टोमणा मारला. दुसरीने नोकरीचा अर्ज भरला, मुलाखतीच्या दिवशी सासूचं पोट दुखायला लागलं. तिसरी आमच्याकडे यायला निघायच्या आधीच दिराचा फोन आला, “त्या बायकांकडे जाऊन काही होणार नाही.” तिघींनाही वाटत होतं की शेजारीण किंवा बहीण फुटली. पाळत ठेवणारा स्वतःचं काम तर करतोच, शिवाय बाईच्या मनात तिच्या मोजक्या आधारांबद्दल संशय पेरतो. ती एकटी पडते, आणि त्याला तेच हवं असतं.

बाईवर नजर ठेवणं जुनंच आहे. माहेरचं पत्र आधी फोडून वाचायचं, पर्स उलटी करायची, बसचं तिकीट तपासायचं, फोनवर बोलताना दाराआड उभं राहायचं, हे सगळं आपण कौटुंबिक हिंसेच्या शिबिरांमध्ये कित्येक वर्षं बोलत आलो. पण पत्र फोडलं तर पाकीट फाटायचं, दाराआड उभा राहिलेला खोकायचा. आजची पाळत खोकत नाही. म्हणून या अंकात थोडा तांत्रिक विषय घेतला आहे. “हे आपल्याला कुठे जमतंय” म्हणून पान उलटू नका. कुकरची शिट्टी आणि गॅसचा रेग्युलेटर आपल्याला जमतो, तसंच हेही जमतं.

ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेटवर जातो ते साधन: क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी. बँक, ई-मेल, नोकरीचे अर्ज, डॉक्टरची वेळ, वकिलाचा पत्ता, सगळं याच खिडकीतून होतं. गर्भपात किती आठवड्यांपर्यंत करता येतो, स्त्रीधन म्हणजे काय, घरातून निघून गेलं तर मुलं कुणाकडे राहतात, हे प्रश्न बाई आईलाही विचारत नाही, पण या खिडकीत टाइप करते. म्हणूनच तिच्यावर सत्ता गाजवणाऱ्याला ही खिडकी हवी असते.

तो ती मिळवतो कशी? केंद्रातल्या अनुभवावरून सांगते, पुष्कळदा हेरगिरीचं वेगळं सॉफ्टवेअर नसतंच. लग्नानंतर फोन नवऱ्याने घेऊन दिलेला, त्यात गुगलचं खातंही त्यानेच उघडून दिलेलं, पासवर्ड त्यालाच माहीत. क्रोममध्ये सिंक नावाची सोय असते. एकाच खात्याने दोन यंत्रांवर प्रवेश केला असेल आणि ती सोय चालू असेल, तर या यंत्रावर पाहिलेल्या पानांची यादी त्या यंत्रावर दिसते, साठवलेले पासवर्डही दिसतात. त्याला काही चोरावं लागत नाही, ऑफिसात बसून चहा पिता पिता वाचायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांनी सांगितलं की स्वतः वापरतो असा मोबाइल त्यांच्याकडे आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांतल्या कितीजणींच्या फोनचं कुलूप फक्त त्यांच्याच बोटाने उघडतं, हे कुठलं सर्वेक्षण विचारत नाही.

दुसरा मार्ग एक्स्टेन्शनचा. ब्राउझरला जोडायची ही छोटी ठिगळं असतात. कुणी जाहिराती अडवतं, कुणी व्याकरण सुधारतं, कुणी व्हिडिओ उतरवून देतं. यातल्या अनेकांना “तुम्ही भेट देता त्या सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे” अशी परवानगी लागते, आणि आपण न वाचता होकार देतो. एवढी परवानगी असलेलं ठिगळ वाईट हातात गेलं, तर उघडलेलं पान आणि भरलेला अर्ज त्याच्या नजरेखालून जातो. तिसरा मार्ग यंत्रातच घुसवलेल्या खऱ्या हेर सॉफ्टवेअरचा. त्यातले काही प्रकार दाबलेली प्रत्येक कळ टिपतात, म्हणजे पासवर्ड कितीही अवघड ठेवा, लिहिताक्षणीच तो तिकडे पोचतो. फोनमध्ये असं अॅप घालायला सहसा फोन काही मिनिटं हातात मिळावा लागतो. बाहेरच्या चोराला ती मिनिटं मुश्किलीने मिळतात. घरातल्या माणसाला रोज रात्री मिळतात.

हा धंदा आजचा नाही. २००३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लव्हरस्पाय’ नावाचं सॉफ्टवेअर ८९ डॉलरला विकलं जात होतं. फसवणारा जोडीदार पकडा, अशी त्याची जाहिरात. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याला ई-मेलने एक शुभेच्छापत्र जायचं. ते कौतुकाने उघडलं की मागच्या मागे सॉफ्टवेअर बसायचं आणि तिने पाहिलेली पानं, लिहिलेली पत्रं, दाबलेल्या कळा विकत घेणाऱ्याला पोचवायचं. हजाराच्या आसपास लोकांनी ते घेतलं होतं. २००५ मध्ये ते बनवणाऱ्यावर, आणि त्याच्याबरोबर चार गिऱ्हाइकांवरही, आरोपपत्र ठेवलं गेलं. गिऱ्हाइकांवर ठेवलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे हत्यार विकणारा सापडत नाही म्हणून वापरणाराही मोकळा राहतो.

नंतर विकणारे शहाणे झाले. २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांच्या एका गटाने जोडीदारावर पाळत ठेवायला वापरल्या जाणाऱ्या अॅप्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की उघड हेरगिरीचा शिक्का असलेली अॅप्स थोडी. ‘हरवलेला फोन शोधा’, ‘मुलांची काळजी घ्या’ अशा नावाखाली चालणारी पुष्कळ. नवऱ्याच्या फोनमध्ये हे टाकलं तर त्याला कळेल का, असं गिऱ्हाईक बनून विचारल्यावर बहुतेक कंपन्यांनी, काळजी नको, कळणार नाही, अशाच अर्थाची उत्तरं दिली. हे बेकायदा ठरू शकतं, असं सांगायचं फक्त एकाच कंपनीला सुचलं. (पाळत ठेवणारी बाई आणि ठेवला जाणारा पुरुष असंही घडतं, हे मान्य. पण केंद्राच्या दारात कोण येतं ते आपण पाहतोच.) २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्पायफोन या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला पाळतीच्या धंद्यात पुन्हा उतरायलाच बंदी घातली. अशी बंदी तिथे पहिल्यांदाच घातली गेली. गोळा केलेला मजकूर नष्ट करा आणि ज्यांच्या फोनमध्ये हे गुपचूप बसवलं गेलं त्यांना कळवा, असंही बजावलं.

आणि जो घरचा नाही, त्याचं काय? बाजारालाही आपली खिडकी हवीच असते. अवास्ट ही विषाणूपासून संरक्षण देणारी नावाजलेली कंपनी. तिच्या ब्राउझरच्या जोडण्यांमधून लोकांच्या भेटींची यादी गोळा होत होती आणि जम्पशॉट या उपकंपनीमार्फत ती विकली जात होती. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर जम्पशॉट बंद केली, २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश झाला. कुंपणच शेत खात होतं. ‘ग्रेट सस्पेंडर’ या लोकप्रिय एक्स्टेन्शनची गोष्टही तशीच. मूळ कर्त्याने ते २०२० मध्ये दुसऱ्याला विकलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत घातक म्हणून गुगलला ते काढून टाकावं लागलं. वापरणारी बाई तीच, ठिगळ तेच, फक्त मालक बदलला होता. तेव्हा एक्स्टेन्शन जितकी कमी तितकं बरं, हे माझं सरळ मत आहे.

आता शोधायचं कसं. संगणकावर क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके असतात, त्यात एक्स्टेन्शन्सची यादी सापडते. तिथे आपण न घातलेलं काही आहे का ते पाहा. नाव साळसूद असतं, त्याला कोणत्या परवानग्या दिल्या आहेत ते उघडून वाचा. घरगुती लॅपटॉपवर ‘तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित आहे’ अशी ओळ दिसली तर थबका. कधी एखाद्या निरुपद्रवी सॉफ्टवेअरमुळेही ती येते, पण आपण कुठल्या संस्थेच्या नोकर नसताना ही संस्था कोण, हे शोधलं पाहिजे. उघडताच येणारं पान किंवा शोधयंत्र आपोआप बदललं असेल तर ते बहुधा जाहिरातवाल्यांचं काम असतं. वरच्या कोपऱ्यातल्या गोलात कुणाचं खातं चालू आहे ते बघा. मग गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन तुमचं खातं कोणकोणत्या यंत्रांवर उघडलेलं आहे ती यादी वाचा. आमच्याकडे आलेल्या एका मुलीच्या यादीत पाच यंत्रं निघाली, तिच्याकडे होता एक फोन. व्हॉट्सअॅपमध्ये ‘जोडलेली उपकरणे’ नावाची अशीच यादी असते. तीही पाहावी, कारण फोन दोन मिनिटं हातात घेऊन व्हॉट्सअॅप दुसऱ्या संगणकाला जोडणं ही आपल्या भागातली सगळ्यात सोपी हेरगिरी झाली आहे.

अँड्रॉइड फोनमध्ये प्ले स्टोअरचं प्ले प्रोटेक्ट बंद केलेलं आढळलं तर ते कुणी आणि का बंद केलं? सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अॅडमिन या दोन ठिकाणी कुठल्या अॅपला अधिकार दिलेत ते बघा. हेर अॅप्सना पडद्यावरचं वाचायला पहिला अधिकार लागतो, आणि सहजासहजी काढता येऊ नये म्हणून दुसरा. बॅटरी लवकर संपते, फोन तापतो, या खुणा सांगितल्या जातात, पण जुना फोन तसाही तापतो. फक्त त्यावरून कुणावर आळ घेऊ नका. आणि इन्कॉग्निटोच्या भरवशावर राहू नका. त्या खिडकीने त्या यंत्रावरच्या यादीत नोंद राहत नाही, इतकंच. यंत्रात कळा टिपणारं काही बसलेलं असेल तर त्याला इन्कॉग्निटो आणि साधी खिडकी सारखीच.

सापडलं तर काय? संगणकाची कुठलीही माहितीपुस्तिका म्हणेल, ताबडतोब काढून टाका. मी म्हणते, हात आवरा. काढून टाकल्याक्षणी पलीकडच्या माणसाच्या पडद्यावरची माहिती थांबते आणि तिला कळलं हे त्याला कळतं. ज्या घरात हात उगारला जातो, तिथे ती रात्र धोक्याची असते. हिंसक नात्यात बाई निघायच्या तयारीत असते तो काळ सगळ्यात जोखमीचा, हे आपल्याला कामातून माहीत आहे. हेर सॉफ्टवेअर काढणं हे त्याच्या लेखी ती निघाल्यासारखंच असतं. म्हणून आधी सुरक्षित यंत्र शोधायचं: मैत्रिणीचा फोन, ग्रंथालयातला संगणक, केंद्रातला फोन. पाळतीखालच्या फोनवर ‘फोनमधली पाळत कशी काढावी’ हे शोधणं म्हणजे चोराला विचारून कुलूप घेणं. त्या फोनवर रोजचं सगळं तसंच चालू ठेवायचं, पाककृती, मालिका, भिशीचा ग्रुप. वकील, निवारा, सल्ला यांचं बोलणं दुसरीकडून. सापडलेल्या गोष्टींचे फोटो दुसऱ्या फोनने काढायचे, तारीख-वेळ वहीत लिहायची आणि वही घरात ठेवायची नाही. काढायचं केव्हा, त्या रात्री ती कुठे असेल, मुलं कुठे असतील, कागदपत्रं कुणाकडे असतील, हे ठरल्यावरच बोट लावायचं. कधी आम्ही महिना थांबलो आहोत, कधी एकाच दिवसात सगळं आटोपलं. निर्णय तिचा. आपण उत्साहाच्या भरात तिच्या फोनवर तुटून पडायचं नाही.

काढायची वेळ आली की क्रम महत्त्वाचा. नुसतं एक्स्टेन्शन काढून भागत नाही, कारण सिंक चालू असलेल्या खात्यातून ते परत येऊ शकतं. आधी स्वच्छ यंत्रावरून खात्याचा पासवर्ड बदलायचा. पासवर्ड विसरल्यास ज्या नंबरवर आणि ई-मेलवर संदेश जातो तेही बदलायचे, कारण ते पुष्कळदा त्याचेच असतात. अनोळखी यंत्रांवरून खातं बंद करायचं, दोन टप्प्यांची तपासणी लावायची. मग एक्स्टेन्शन. फोनमध्ये खोलवर काही बसल्याची शंका असेल तर महत्त्वाचे फोटो-नंबर बाजूला काढून फोन कारखान्यातून आला तसा कोरा करायचा आणि जुनी अॅप्स आपोआप परत येऊ द्यायची नाहीत, हवी ती एकेक करून प्ले स्टोअरमधून घ्यायची. परवडत असेल तर दुसरा साधा फोन आणि नवं खातं हा सगळ्यात निर्धोक उपाय. परवडत नाही हे मलाही माहीत आहे. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात देण्याआधी तो दुकानदार कुणाचा मित्र आहे ते विचारा. एका प्रकरणात हेर अॅप दुकानातच घालून मिळालं होतं.

कायदा आपल्या बाजूने आहे, कागदावर तरी. बाईच्या इंटरनेट, ई-मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर नजर ठेवणं हा २०१३ पासून पाठलागाचा गुन्हा आहे. तेव्हा तो भारतीय दंडविधानाच्या ३५४ ड कलमात आला, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच. नवऱ्याला सूट असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमं आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळ येतो, त्याखाली संरक्षण आदेश मागताना पाळत थांबवण्याची मागणी स्पष्ट शब्दांत लिहायला वकिलांना सांगा. पण एका पोलीस ठाण्यात आम्हाला जे ऐकायला मिळालं ते तुमच्याही ओळखीचं असेल: “नवराच आहे ना? दुसरा कुणी असता तर घेतली असती तक्रार.” अर्ज लेखी द्या, कलम क्रमांकासकट, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

त्यात १४ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पंजाबातल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात नवऱ्याने बायकोशी झालेलं फोनवरचं बोलणं तिच्या नकळत ध्वनिमुद्रित केलं होतं. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते पुरावा म्हणून नाकारलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. जोडीदार एकमेकांवर नजर ठेवायच्या टप्प्याला आले असतील तर नातं आधीच तुटल्याचं ते लक्षण आहे, असंही म्हटलं. आमच्या बैठकीत यावर कडाक्याचं भांडण झालं. काहीजणी म्हणाल्या, २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला तो लग्नाच्या मांडवात विसर्जित झाला का? वकील मैत्रिणीने दुसरी बाजू दाखवली: बंद दाराआडच्या शिव्या आणि धमक्या बाईने फोनवर मुद्रित केल्या नाहीत तर तिच्याकडे पुरावा उरतो कोणता? दोन्ही खरं आहे. माझ्यापुरती मी रेघ अशी ओढते. ज्या संभाषणात मी स्वतः आहे, ते मी जपून ठेवणं एक. तिच्या बहिणीशी, वकिलाशी, शोधयंत्राशी चाललेलं बोलणं तिच्या यंत्रात शिरून चोरणं हे पूर्ण वेगळं. या प्रकरणातलं बोलणं नवरा-बायकोमधलंच होतं. तो निकाल दाखवून उद्या कुणी हेर सॉफ्टवेअरचा साठा कुटुंब न्यायालयात मांडू लागला, तर वकिलांनी हा फरक ठासून सांगायला हवा.

भांडणाचा दुसरा मुद्दा मुलींचा. आमच्यातलीच एक आई म्हणाली, “माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या फोनवर मी लक्ष ठेवणारच.” ठेव बाई. पण तिला सांगून ठेव. मुलाच्या पडद्यावर दिसणारी, त्याला माहीत असलेली देखरेख एक आणि चिन्ह लपवून बसणारं अॅप दुसरं. आणि तोच नियम मुलालाही लाव. वीस वर्षांच्या कॉलेजकुमारीच्या फोनमध्ये भावाने अॅप टाकलं तर त्याला काळजी म्हणायचं कारण नाही. जात आणि लग्न यांवरचा पहारा आहे तो.

सरकारी हेरगिरीवर स्वतंत्र लेख लागेल. २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतातल्या ज्या कार्यकर्त्यांना आणि वकिलांना पेगॅससबद्दल सावध केलं, त्यांत छत्तीसगडमध्ये काम करणाऱ्या बेला भाटिया आणि शालिनी गेरा होत्या, एवढं इथे नोंदवते.

आता आपल्या घरातलं. संघटनांच्या कार्यालयात एक संगणक, त्यावर सगळ्यांसाठी एकच उघडं खातं, डेस्कटॉपवर ‘केसेस’ नावाचं फोल्डर. आलेली बाई तोच ब्राउझर वापरून आपला ई-मेल उघडते आणि बंद न करता जाते. आमच्याकडे आता दोन वेगळी खाती आहेत. येणाऱ्या बायकांसाठीच्या खिडकीत एकही एक्स्टेन्शन नाही, पासवर्ड साठवायची सोय बंद, आणि बाई उठली की बसलेली कार्यकर्ती तिच्या देखत खातं बंद करते. प्रकरणांच्या नोंदी या संगणकावर ठेवतच नाही. खर्च शून्य आला, सवय लागायला चार महिने लागले.

पुढच्या तिमाहीत तालुक्याच्या ठिकाणी एक दिवसाची तीन शिबिरं घेतोय. स्वतःचे फोन आणा, पण आल्या आल्या ते बाहेरच्या खोलीत टोपलीत ठेवायचे आहेत. पहिला अर्धा दिवस नुसतं बोलायचं, फोन दुपारनंतर. ज्या गटांनी अशी प्रकरणं हाताळली आहेत त्यांनी नावं-गावं वगळून लिहून पाठवा, पोलिसांनी तक्रार कोणत्या कलमाखाली घेतली हे मात्र जरूर लिहा. आणि पत्रानेच पाठवा, टपाल अजून चालू आहे.

तुमची,
संपादक